बीडीएससाठी नीट: आधी गुण मोजले, मग तास

बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला, वेगळी परीक्षा नाही, वैद्यकीय प्रवेशाची नीटच द्यावी लागते. क्लासच्या छापील वेळापत्रकात तिन्ही विषयांना सारखे तास होते आणि माझा सगळा जीव फिजिक्समध्येच जायचा. मग मी गुणांकडून हिशेब मांडला. 720 पैकी 360 बायोलॉजीचे, फिजिक्स-केमिस्ट्री 180-180. निम्मा वेळ सरळ बायोलॉजीला दिला.

एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या भांडुप ते दादर लोकलमध्ये. गर्दीत पुस्तक उघडणं अशक्य, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवले: नेफ्रॉन, हृदय, परागकोशाचा छेद. अंगठ्याने नावं झाकायची आणि मनात म्हणायची. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसेपर्यंत एक आकृती होतेच.

फिजिक्स पहाटे, नळाला पाणी यायच्या आत. बादल्यांची खडखड सुरू झाली की माझ्याच्याने गणित सुटत नाही.

खरी गोची दुपारची. पेपर 2 ते 5 आणि मला जेवल्यावर डुलक्या. म्हणून दर रविवारी त्याच वेळेला 180 प्रश्न, ओएमआरवर, म्हणजे छापील उत्तरपत्रिकेवर, काळ्या पेनने गोल भरत. परीक्षेला दीड वाजता गेट बंद होतं, तेव्हा जेवण साडेअकरालाच, आणि भात नाही. (आईला हे अजून पटलेलं नाही.)

चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. त्यामुळे अंदाजाने ठोकलेली उत्तरं वेगळ्या वहीत उतरवते आणि सोमवार त्या वहीचाच. जो धडा तिथे सारखा डोकावतो त्याला त्या आठवड्यात जादा तास. सध्या फिजिक्समधल्या ऑप्टिक्सचा (प्रकाशाचा) नंबर आहे.