कृपादाने ओळखायची कशी आणि प्रीतीने वापरायची कशी

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा १३वा अध्याय लग्नात वाचला जातो, पत्रिकेवर छापला जातो, चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगला जातो. प्रेषित पौलाने तो लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नवरा-नवरी नव्हते. करिंथ शहरातल्या मंडळीच्या सभेत एकमेकांना बोलू न देणारी, माझे दान तुझ्यापेक्षा मोठे म्हणणारी माणसे होती. इ.स. ५५च्या आसपास इफिसहून लिहिलेल्या या पत्रात १२वा अध्याय कृपादानांची, म्हणजे देवाचा आत्मा मंडळीच्या उपयोगासाठी एकेकाला देतो त्या दानांची, ओळख करून देतो, १४वा ती सभेत कशी वापरायची ते सांगतो, आणि मधला १३वा या दोन फळ्यांना जोडणारी बिजागरी आहे. नुसती बिजागरी काढून भिंतीवर लावली की दार निखळणारच.

म्हणून इथे प्रीती म्हणजे मनात दाटून येणारे काही, असे धरून चालू नका. कोण बोलणार, किती वेळ, कोणासाठी आणि कोण थांबणार, हे ठरवण्याची ती रीत आहे. पुढचे सगळे पाळक, वडीलमंडळ आणि घरसभा चालवणारे यांच्यासाठी आहे.

आधी ८४ वचने सलग वाचा

तिन्ही अध्याय मिळून ३१, १३ आणि ४० अशी ८४ वचने होतात. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटे पुरतात. रविवारच्या उपासनेनंतर हे करू नका, तेव्हा सगळ्यांचे लक्ष घरच्या जेवणाकडे असते. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा, आठ-दहा जण बसा, तिघांनी एकेक अध्याय वाचा. ऐकणाऱ्यांनी हातात पेन्सिल घ्यावी आणि १४व्या अध्यायात ‘उन्नती’ हा शब्द येईल तिथे खूण करावी. खुणा मोजल्या की पौल कुठल्या गजाने मोजतो ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यादी करताना

कृपादानांच्या याद्या नव्या करारात विखुरलेल्या आहेत. १ करिंथ १२:८-१० मध्ये नऊ दाने, त्याच अध्यायाच्या २८व्या वचनात आठ, रोम १२:६-८ मध्ये सात. इफिस ४:११ मध्ये प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक आहेत. १ पेत्र ४:१०-११ मध्ये दोनच ढीग आहेत, बोलण्याची दाने आणि सेवेची दाने. कुठलीही यादी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. म्हणजे या याद्या नमुन्यादाखल आहेत. तुमच्या मंडळीतल्या एखाद्या बाईचे दान यांपैकी एकाही नावात बसत नसेल, तर तिला ओढूनताणून बसवू नका. छोट्या मंडळीला पेत्राचे दोन ढीग पुरतात.

दोन गोष्टी या यादीत मिसळू नयेत. गलती ५:२२-२३ मधले आत्म्याचे नऊ पदरी फळ (प्रीती, आनंद, शांती वगैरे) सगळ्यांकडूनच अपेक्षित आहे, ते वाटून दिलेले नाही. “माझ्याकडे दयेचं दान नाही” असे म्हणून कुणाला तुसडेपणाने वागण्याची मुभा मिळत नाही. आणि कॅथलिक घरांत दृढीकरण या संस्काराच्या तयारीत शिकवली जाणारी पवित्र आत्म्याची सात दाने यशयाच्या ११व्या अध्यायावरून आलेली आहेत. तो विषय निराळा.

अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणे), आरोग्यदान (आजाऱ्याला बरे करणे) यांसारखी दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली असे काही मंडळ्या मानतात, काही ती आजही आहेत असे मानतात. दोन्ही बाजू १३:८-१० याच वचनांवर बोट ठेवतात, त्यामुळे हा वाद एका बैठकीत मिटत नाही. खालची कामे दोघांनाही करता येतात.

ओळखायचे कसे

शंभर-सव्वाशे प्रश्नांच्या छापील प्रश्नावल्या मिळतात. सुरुवातीच्या गप्पांना त्या ठीक आहेत, निकाल म्हणून नाहीत. त्या माणसाला काय करायला आवडते ते मोजतात. पत्र म्हणते की दान ‘सर्वांच्या उपयोगासाठी’ दिलेले असते (१२:७). उपयोग झाला की नाही हे दान वापरणारा स्वतः कसा सांगणार? ज्यांना गायला आवडते असे पुष्कळ असतात, ज्यांचे गाणे ऐकवते असे थोडे.

म्हणून काम देऊन पाहा. तीन महिने, एकच काम, शेवटची तारीख आधीच ठरवून. तारीख ठरवली नाही तर न जमणारे काम दहा वर्षे त्याच माणसाच्या गळ्यात राहते आणि काढून घेताना अपमान होतो. तीन महिने झाले की पाळकांनी किंवा एका वडिलांनी तिघांना भेटावे: ज्याला त्या सेवेचा लाभ झाला तो, जो बरोबरीने राबला तो, आणि त्या माणसाच्या घरातले एक. प्रत्येकाला एकेकच प्रश्न.

पहिल्याला: “त्या येऊन गेल्यावर तुम्हाला हलकं वाटतं की दमल्यासारखं?” दुसऱ्याला: “त्यांच्याबरोबर पुन्हा काम कराल का?” आणि घरच्याला: “या कामाच्या दिवशी घरात त्यांचा आवाज कसा असतो?” तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येण्याआधी बहुधा जरा शांतता पसरते. ती शांतताही लिहून ठेवा.

मुलांना शिकवणाऱ्याची पारख आणखी सोपी. पुढच्या रविवारी दोन मुलांना विचारा, मागच्या वेळी काय झाले होते? गोष्ट सांगितली तर शिक्षक आहे. शिक्षकाचा विनोदच तेवढा आठवत असेल तर त्यांना सूत्रसंचालन द्या, तेही काम आहेच.

काम वाटताना काय बिघडते

लहान मंडळीत पेटी वाजवणारा, हिशेब ठेवणारा आणि चर्चच्या चाव्या सांभाळणारा एकच असतो. सगळे त्याचे कौतुक करतात, तो मनात कुढतो, आणि तो आजारी पडला की रविवारी कुलपापुढे गर्दी जमते. एका माणसाकडे एक मुख्य आणि फार तर एक दुय्यम काम ठेवा. मुदत वर्षाची. पहिल्या दिवसापासून जोडीला एक शिकाऊ द्या.

१२:२८ मध्ये ‘साहाय्य करणारे’ आणि ‘व्यवस्था पाहणारे’ चमत्कारांच्याच रांगेत बसवले आहेत, इकडे कुणी फारसे बघत नाही. सतरंज्या घालणे, प्रभुभोजनाचे इवलेसे पेले धुऊन पुसून ठेवणे, माइकचे सेल बदलणे, हे ‘साहाय्य’. ‘व्यवस्था’ या जागी मूळ ग्रीक शब्द जहाजाचे सुकाणू धरण्याचा आहे, आणि दोन बंदरांच्या करिंथात तो कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. सुकाणू धरणारा वल्ही मारत बसला तर जहाज भरकटते. जहाज आपल्या बापाचे आहे असे त्याला वाटू लागले तरी भरकटते. आमच्या मते दुसरा प्रकार जास्त आढळतो.

दान एकेक, खोड एकेक

*दातृत्व.* रोम १२:८ म्हणते, देणाऱ्याने औदार्याने द्यावे. बिघडते ते नावापाशी. पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव रंगवतात. पंखा फिरला की नाव दिसत नाही, मग तो बंद ठेवावासा वाटतो! पावती द्यावी, पण रकमा सभेत वाचून दाखवू नयेत. दानार्पण दोघांनी, त्याच दिवशी, त्याच जागी मोजावे आणि दोघांनी सही करावी. देणाऱ्याने “पण हे असंच वापरा” अशी अट घातली आणि वडीलमंडळाला ती मान्य नसेल, तर पैसे आदराने परत करा.

*दया.* दुःखी घरी दोघांनी जावे, अर्ध्या तासात उठावे. दवाखान्यात दहा मिनिटे पुरतात. सर्वांत मोठी खोड म्हणजे ऐकलेली गोष्ट प्रार्थनेतून फुटणे. “अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करूया, घरात फार त्रास आहे,” एवढे म्हटले की त्या घराची अब्रू चव्हाट्यावर आली. जाहीर विनंती करण्याआधी त्या व्यक्तीला विचारा आणि तिचे शब्द तसेच वापरा.

*आजाऱ्यासाठी प्रार्थना.* बाईसाठी बाईने, पुरुषासाठी पुरुषाने, आणि नेहमी दोघांनी. हात ठेवण्याआधी “ठेवू का?” म्हणून विचारावे. गोळ्या, इन्सुलिन, क्षयाचा कोर्स बंद करायला कधीही, कोणत्याही कारणाने सांगू नये. तीमथ्याला त्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते (१ तीमथ्य ५:२३), तुझा विश्वास कमी पडतो असे सुनावले नव्हते. बरे वाटले नाही तर रोग्याच्या विश्वासाला दोष देणे, ही या दानाच्या नावाखाली होणारी सर्वांत क्रूर गोष्ट आहे. प्रार्थना तीन-चार मिनिटांची, रोग्याला ऐकू येईल इतक्याच आवाजात.

*संदेश देणे.* १४:३ मध्ये कसोटी आहे: उन्नती, उत्तेजन, सांत्वन. १४:२९ म्हणते, दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी पारखावे. पारखणे हे बोलणाऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे, ते मंडळीला दिलेले काम आहे. म्हणून “प्रभू तुला सांगतो” ऐवजी “मला असं वाटतं, तुम्ही पारखून घ्या” असे बोलण्याची सवय लावा. कुणाचे लग्न कुणाशी, जमीन विकावी का, परदेशात जावे का, अशा बाबतींत कुणाच्याही नावाने संदेश द्यायचा नाही, हा नियम आधीच लिहून ठेवा. आणि १४:३० वाचा: बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झाले तर पहिल्याने गप्प बसावे. माइक हातात असताना हे जमणे, तिथेच १३वा अध्याय कळला की नाही ते समजते.

*अन्य भाषा.* १४:२७-२८ मधला हिशेब नेमका आहे: दोघे, फार तर तिघे, एकामागून एक, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावे. म्हणजे सभा सुरू होण्यापूर्वीच अर्थ सांगणारा कोण आहे ते विचारून घ्यायला हवे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या आध्यात्मिक जागृतीनंतर अन्य भाषाही ऐकू आल्या. रमाबाईंनी त्या झिडकारल्या नाहीत, पण आत्म्याची ती एकमेव खूण आहे असेही मानले नाही. त्यांच्याकडे अंध मुलींचे शिक्षण, स्वयंपाकघर आणि छापखाना हीही त्याच देवाची सेवा होती.

प्रीती नसेल तर मी झणझणणारी झांज आहे, असे पौल १३:१ मध्ये म्हणतो. ही झांज आपल्याला चटकन कळावी. भजनात ती ताल धरते, शब्दांना उचलून धरते. गाणारे थांबल्यावरही एकजण ती वाजवतच राहिला तर शेजारी खिडक्या लावून घेतात.

महिन्यातून एकदा: पंधरा क्रियापदे

१३:४-७ मध्ये मूळ ग्रीकमध्ये प्रीतीची विशेषणे नाहीत, पंधरा क्रियापदे आहेत. मराठीत “सहनशील आहे” वाचताना हे निसटते. त्यांपैकी आठ नकारी आहेत, आणि ते नकार हवेतून आलेले नाहीत. हेवा आणि भांडण ३:३ मध्ये आहे. ‘फुगणे’ हे क्रियापद या एका पत्रात सहा वेळा येते. स्वतःचेच हित पाहू नये हे १०:२४ मध्ये सांगून झाले आहे. ‘अपकार स्मरत नाही’ यातले मूळ क्रियापद हिशेब मांडण्याचे आहे, आणि ६व्या अध्यायात तर हे लोक एकमेकांवर फिर्यादी घेऊन कोर्टात गेलेले दिसतात. पौलाने त्यांच्याच तक्रारींची यादी उलटी करून त्यांच्या हाती दिली.

हीच यादी महिन्याच्या बैठकीत वापरा, पण सगळी पंधरा एकदम नको. एका महिन्याला एक क्रियापद. समजा ‘चिडत नाही’. प्रत्येकाने स्वतःच्या कामातला एकच प्रसंग वहीत लिहावा, वाचून दाखवण्याची सक्ती नाही. पाच मिनिटे लिहायला, दहा बोलायला, मग नेहमीचे विषय. दुसऱ्याचा प्रसंग सांगायला सुरुवात झाली की अध्यक्षांनी तिथेच थांबवावे. हे दर वेळी होते, त्यामुळे थांबवण्याचे वाक्य तयार ठेवा: “हे त्यांच्या वहीतलं आहे, आपल्या वहीतलं सांगा.”

काम काढून घ्यायची वेळ आली तर

येणारच. तीन महिने पाहूनही चूक होते, माणसे बदलतात, वय होते. आधी वडीलमंडळात ठरवा: कोणते काम थांबते, कोणत्या तारखेला, त्याऐवजी काय देता येईल. मग एकानेच, घरी जाऊन सांगावे. मत्तय १८:१५ मध्येही आधी एकट्यानेच जायला सांगितले आहे. एकच ठळक प्रसंग घेऊन बोला, “लोकांचं म्हणणं आहे” हे वाक्य टाळा. लोक म्हणजे कोण, हेच तो माणूस पुढची पाच वर्षे शोधत राहतो. पर्यायी काम खरे असावे, सजावटीचे नको. सतरा वर्षे गायनवृंद सांभाळलेल्याला “तुम्ही आता मार्गदर्शक” म्हटले की त्याला सगळे कळते. नव्या मुलाला पेटी शिकवायला दर शनिवारी एक तास, असे ठोस सांगा. चाव्या त्याच दिवशी मागू नका. त्या पुढच्या रविवारी, उपासना संपल्यावर, त्यांनी स्वतःच नव्या माणसाच्या हातात द्याव्यात.