बायबल आणि उत्खनन : पुरावा कसा वाचावा

‘शिलालेख सापडला, बायबल खरे ठरले’ किंवा ‘उत्खननाने बायबल खोटे पाडले’ अशी बातमी वाचल्यावर, वस्तू कोठून मिळाली हे आधी पाहावे. वडोदऱ्याच्या वाचकाला गुजरातमधीलच देवनीमोरीचे उदाहरण जवळचे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६०च्या दशकात तेथील स्तूप खणला, तेव्हा बुद्धाच्या शरीरधातूंचा (देहावशेषांचा) उल्लेख असलेला करंडक स्तूपातूनच निघाला. त्यामुळे त्यावरील १२७ हे वर्ष कोणत्या कालगणनेचे याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी तो कोठला हे सांगता येते. उलट २००२ साली गाजलेली, ‘याकोब, योसेफाचा पुत्र, येशूचा भाऊ’ असे कोरलेली अस्थिपेटी खाजगी संग्रहातून पुढे आली. तिच्या लेखावरचा वाद म्हणूनच मिटत नाही.

मग लेखात नेमके काय आहे ते पाहावे. उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे १९९३ साली मिळालेल्या, इसवी सनपूर्व नवव्या शतकातील अरामी शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असे शब्द आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बायबलमधील राजा दावीद याच्या नावाने ओळखले जाणारे राजघराणे होते, एवढे त्यावरून म्हणता येते. दावीदाच्या गल्याथ या महाकाय योद्ध्याशी झालेल्या द्वंद्वाविषयी तो लेख काही सांगत नाही.

शत्रूने लिहिलेली हकिगत बायबलशेजारी ठेवून वाचणे मला सर्वांत फलदायी वाटते. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इसवी सनपूर्व ७०१ मध्ये यहूदा या राज्यावर स्वारी केली; यरुशलेम ही त्याची राजधानी आणि हिज्कीया त्याचा राजा. आपण ४६ तटबंदीची नगरे घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असे तो मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरवून घेतो. यरुशलेम जिंकल्याचे मात्र म्हणत नाही. ‘२ राजे’ १८:१४ मध्ये हिज्कीयाने दिलेली खंडणी ३० किक्कार (वजनाचे जुने माप) सोने व ३०० किक्कार चांदी आहे, तर सन्हेरीब सोने तेवढेच आणि चांदी ८०० सांगतो. याच स्वारीतील, यहूदातल्या लाखीश नगराच्या वेढ्याची त्याच्या निनवे येथील राजवाड्यातली शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि प्रत्यक्ष लाखीश येथे वेढ्यासाठी रचलेला उतार खणून काढला आहे. दोन विरोधी पक्ष व जमीन असे तिघेही ज्या मुद्द्यावर जुळतात, तो भक्कम धरावा. एका रात्रीत देवदूताने १,८५,००० सैनिक मारले हे बायबलचे कथन मात्र उत्खननाच्या कक्षेबाहेरचे आहे.

प्रतिकूल निष्कर्षही याच काट्याने तोलावा. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ दरम्यान यरीहो खणले, तेव्हा तेथील मोठा विध्वंस त्यांनी इसवी सनपूर्व १५५०च्या सुमाराचा ठरवला. बायबलनुसार यरीहोचा तट कोसळून ते नगर यहोशवा या इस्राएली पुढाऱ्याच्या हाती पडले; पण त्याचा काळ सामान्यतः या विध्वंसाच्या बराच नंतरचा मानला जातो. ही विसंगती वहीत नोंदवताना सन्हेरीबाच्या स्तंभाला दिली तेवढीच जागा तिला द्यावी, आणि हा निष्कर्ष यरीहोपुरता आहे, हेही शेजारी लिहावे.