वीज कंपनी बदलली, तारा त्याच

मुंबई उपनगरात बऱ्याच ठिकाणी टाटा किंवा अदानी, यांपैकी एकीची वीज निवडता येते. एसी आल्यापासून बिल झेपेना, म्हणून मी वर्षभराची बिलं काढून दोन्ही दरपत्रकांशी ताडून पाहिली. खरी मेख इथेच आहे. नुसता युनिटचा दर बघू नका. स्थिर आकार (दरमहा ठरलेली रक्कम), वहन आकार (तारांमधून वीज पोचवण्याचा खर्च), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारी रक्कम), सगळं धरून बेरीज करा. शिवाय महिन्याच्या वापराचे 0-100, 101-300, 301-500 युनिट असे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा. कमी वापराला एक कंपनी स्वस्त, जास्त वापराला दुसरी, असंही होतं. आमचा वापर 300 च्या वर, तिथे आमच्या तेव्हाच्या कंपनीपेक्षा दुसरी स्वस्त निघाली. थकबाकी भरली, कंपनी बदलायचा अर्ज दिला. वीज जुन्याच तारांमधून येते, त्यामुळे खोदकाम नाही. वीज नियामक आयोगाचा नवा दर-आदेश आला की मी ही बेरीज पुन्हा मांडते.