आपलाच मारा आपल्यावर: फायर (तोफा किंवा विमानांचा मारा) मागवताना या चुका टाळा

५ डिसेंबर २००१. अफगाणिस्तानात कंदहारच्या उत्तरेला अमेरिकी हवाई दलाचा एक जवान तालिबानी ठाण्याच्या जागेचे आकडे जीपीएसवर काढत होता. तेवढ्यात बॅटरी संपली. त्याने नवी टाकली, पडद्यावर आकडे उमटले आणि तेच त्याने बी-५२ विमानाला कळवले. बॅटरी बदलली की ते यंत्र आधी स्वतःचीच जागा दाखवायचं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. सुमारे ९०० किलोचा बॉम्ब दिलेल्या आकड्यांवर अचूक पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि सोबतचे अफगाण लढवय्ये गेले; पुढे अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हमीद करझाईंनाही किरकोळ जखमा झाल्या.

एनडीए-सीडीएस या सैन्यप्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग सर्वात आधी सांगतो. बॉम्ब चुकला नव्हता, आकडा चुकला होता. म्हणून पडद्यावरचा आकडा तसाच पुढे ढकलू नका. नकाशावर बोट ठेवा, शेजारी स्वतःचा ग्रिड (नकाशावरच्या जागेचे आकडे) लिहा आणि दोन्हींतलं अंतर मोजा. समोरचं टेकाड डोळ्यांना दीड किलोमीटरवर दिसतंय आणि आकड्यांनुसार पन्नास मीटरवर येतंय, तर थांबा. या पडताळणीला अर्धा मिनिटही लागत नाही.

रेडिओवर नुसतं ‘समजलं’ ऐकून पुढे जाऊ नका. समोरच्याने आकडे जसेच्या तसे परत म्हटले पाहिजेत. आपली माणसं लक्ष्याजवळ असतील तर तेही आधीच सांगा. अमेरिकी पद्धतीत तोफा आणि मॉर्टरसाठी (उखळी तोफा) ही धोक्याची हद्द ६०० मीटर धरतात.

आकडे आणि डोळे जुळत नसताना वर्णनावर विसंबणं ही तितकीच घातक चूक. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानातल्या कुंदुझमध्ये अमेरिकी विमानाच्या यंत्रणेने दिलेल्या आकड्यांवर मोकळं शेत दाखवलं. मग चालक दलाने लक्ष्याच्या सांगितलेल्या वर्णनाशी जुळणारी इमारत शोधली. ते डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेचं रुग्णालय निघालं. ४२ जण मारले गेले. रुग्णालयाने आपली जागा अमेरिकी सैन्याला आधीच कळवली होती, पण ती यादी विमानापर्यंत पोहोचलीच नव्हती. मारा करू नये अशा जागांची यादी मुख्यालयाच्या फायलीत राहून उपयोग नाही, ती ट्रिगरवर बोट असलेल्याच्या समोर हवी.

आपल्याकडचं उदाहरण काश्मीरमधल्या बडगामचं. २७ फेब्रुवारी २०१९ ला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ओळख पटल्याशिवाय फायर नाही, हा नियम तणावाच्या घडीसाठीच असतो.

‘नियमांनी हात बांधले’ ही तक्रार मला पटत नाही. कारगिलमध्ये १९९९ साली हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडायची परवानगी नव्हती. वैमानिकांनी त्या मर्यादेत राहून हल्ले आखले. मर्यादा योजना करतानाच नकाशावर आखून घ्या. विमान लक्ष्यावर आल्यावर परवानगीचा वाद सुरू झाला, तर खाली अडकलेल्या तुकडीची मिनिटं त्यात जातात.