सीएसआय व्हायचंय? सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींनी आधी हे बघा

पहिली गोष्ट, आपल्याकडं सीएसआय, म्हणजे क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर, नावाची पोस्टच नाही. टीव्हीवर एकच हिरो ठसे घेतो, लॅबमध्ये टेस्ट करतो आणि वर आरोपीलाही पकडतो, इथं ती कामं वेगवेगळ्या लोकांची. पंचनामा आणि तपास पोलिसांचा, ठसे अंगुली मुद्रा तज्ज्ञ घेणार, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम डॉक्टर करणार, नमुने जाणार न्यायसहायक म्हणजे फॉरेन्सिक प्रयोगशाळेत, आपल्याला जवळची म्हणजे कोल्हापूरची. मग यातलं तुम्हाला नक्की काय करायचंय?

वर्दी हवी तर पोलीस भरती नाहीतर एमपीएससीतून पीएसआय. पीएम करायचं तर एमबीबीएस आणि पुढं फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी, लांबचा रस्ता आहे. लॅब हवी असेल तर माझं मत, केमिस्ट्रीतून बीएस्सी करा, लॅबमध्ये हा विषय लागतोच आणि तिथं नंबर नाही लागला तर फार्मा कंपन्या आहेतच. फॉरेन्सिकचीच डिग्री पाहिजे तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी संस्था आहेत, आणि गांधीनगरला एनएफएसयू, म्हणजे राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ. कुठल्याही डिप्लोम्याला पैसे भरायच्या आधी भरतीची जुनी जाहिरात काढून पात्रता वाचा, क्लासवाला सांगतो ते नको.

स्पॉटवर जायची हौस असेल तर आता बरे दिवस येतायत. 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाली, तिच्या कलम 176(3) प्रमाणे 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचंच, फक्त ते लागू करायला राज्यांना 5 वर्षांपर्यंत मुदत आहे.

पण काम कसलं असतं ते ऐका. रक्तानं भिजलेला शर्ट सापडला की आधी जागेवरच फोटो, मग हातमोजे घालून उचलायचा, सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, आणि कागदी पाकिटात घालायचा. ओला तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. वर लेबल, पंचांच्या सह्या, सील. निम्मं काम असलं लिखापढीचंच, ज्याला याचा कंटाळा त्यानं यात पडूच नये.

खात्री करायची तर फुकटातला उपाय, सांगलीत विजयनगरच्या जिल्हा कोर्टात जाऊन मागं बसा. खुनाच्या केसमध्ये तज्ज्ञाची उलटतपासणी ऐका, वकील डीएनएचं शास्त्र कमी आणि सील कुणी फोडलं, मुद्देमाल मधले दिवस कुठं होता हेच जास्त विचारतात. मोबाईल सायलेंट ठेवा, आणि पोक्सोची, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची, केस असेल तर आत जाऊ नका, ती बंद दाराआड चालते.