लाइव्ह प्रक्षेपण करताय? या चुका टाळा

२०२७ चा सिंहस्थ आलाच आहे. नाशकात स्विचरवर (अनेक कॅमेऱ्यांतलं चित्र निवडण्याच्या मशीनवर) कट मारणारी मुलं हवी तेवढी मिळतात, पण आवाजात घरघर का येतेय किंवा चित्र मध्येच काळं का होतंय, हे शोधून काढणारा माणूस अजून बाहेरून बोलवावा लागतो. कोर्समध्ये बटणं शिकवतात. कॅमेऱ्यापासून प्रक्षेपणाच्या व्हॅनपर्यंत सिग्नल कसा येतो, ते फार कमी ठिकाणी शिकवतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणं. गोदाघाटावर एका गायनाच्या कार्यक्रमाचं लाइव्ह होतं. साउंडवाल्याचा मिक्सर जनरेटरवर, आमची सामग्री पलीकडच्या मीटरवर. मिक्सरमधून लाइन घेतली आणि तानपुऱ्याखाली ५० हर्ट्‌झची घूंऽऽ सुरू झाली. नव्या मुलाने पकड घेतली आणि आमच्या प्लगची जाड पिन उपटली. "सर, एकदम क्लीन!" घरघर खरोखरच गेली, कारण दोन अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह तुटला. पण आता आमच्या रॅकला अर्थिंग उरली होती ती फक्त ऑडिओ केबलच्या जाळीतून. मध्यंतरात कोणीतरी ती केबल काढली. ओल्या पायरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाने रॅकला हात लावला आणि झटकन मागे घेतला. हाताला मुंग्या आल्या होत्या. रॅकमध्ये एखादी वायर सुटलेली असती, तर तो मुलगा तिथेच गेला असता. मी मेन बंद केला, प्लग बदलला आणि मगच दुसरा भाग सुरू होऊ दिला. आयोजक चिडले, चिडू देत.

घरघर आली की मी आधी ऑडिओ केबल काढून बघतो. थांबली, तर पहिला संशय दोन अर्थिंगवर. मग ऑडिओ लाइनच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा, म्हणजे आवाज पुढे जाऊ देणारी पण दोन्हीकडच्या अर्थिंगचा जोड तोडणारी डबी. दोन तरी कायम माझ्या पिशवीत असतात. त्याहून बरं म्हणजे सकाळीच इलेक्ट्रिशियनला गाठून सगळ्यांना एकाच बोर्डावरून वीज मागायची.

दुसरी चूक : चित्र गेलं की स्विचर रीस्टार्ट करणं. एचडी-एसडीआयचा, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र केबलने नेणारा सिग्नल सेकंदाला जवळपास दीड गिगाबिटचा. चांगल्या केबलवर तो साधारण शंभर मीटर जातो. पुढे चित्रात ठिपके उडतात आणि अगदी थोड्या अंतरात चित्र पूर्ण नाहीसं होतं. त्यात बऱ्याचदा दोन जुन्या केबल जोडून ओढलेल्या असतात, एक कनेक्टर ५० ओहमचा, बाकी ७५ चे, म्हणजे जोड जुळलेलाच नाही. आधी केबल बदला, मग पोर्ट, मशीन सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच. तिन्ही एकदम बदलणाऱ्याला दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. नव्या पोरांना मी आधी केबलच गुंडाळायला लावतो. त्यांना कंटाळा येतो, पण खराब कनेक्टर हाताला कळायला लागतो तो तिथेच.

बाकीच्या थोडक्यात. केबल कोपरावर गुंडाळू नका, आत पीळ पडतो. दिवे लुकलुकत असतील तर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. डिजिटल मीटरवर आवाज शून्याला टेकू देऊ नका, तिथे शून्य म्हणजे कमाल मर्यादा. फुटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

आणि रामकुंडावरच्या गर्दीत प्रक्षेपण पाठवायला चार सिमकार्डांच्या इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. लाखो फोन त्याच टॉवरवर असतात. फायबरची लाइन आधीच मागून ठेवा.