अपग्रेडनंतर हार्ड डिस्कचे नाव बदलले असेल तर

लिनक्सची नवी आवृत्ती बसवल्यावर संगणक सुरू होताना अडकतो, एखाद्या डिस्कची वाट पाहत असल्याचा संदेश दिसतो, 1 मिनिट 30 सेकंदांची मुदत संपते आणि आपण इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीसाठी आज्ञा देता येतात अशा स्थितीत) येऊन पडतो. अशा वेळी डिस्क गेली असे समजून ती फॉरमॅट करायला मुळीच घेऊ नये, कारण पुष्कळदा आतला डेटा जसाच्या तसा असतो आणि बदललेले असते ते फक्त नाव.

डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) त्या ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात, त्यामुळे नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हर बदलला किंवा लोड होण्याचा क्रम बदलला की नावांची अदलाबदल होऊ शकते. 2007 मध्ये फेडोरा 7 आली तेव्हा आयडीई (जुन्या प्रकारच्या जोडणीच्या) डिस्कची एचडीए ही नावे अशीच एसडीए झाली होती.

प्रथम ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘-एफ’ पर्यायासह चालवावी. प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टिम, लेबल आणि यूयूआयडी (तिचा वेगळा ओळखक्रमांक) तीत दिसतो. एक्स्ट4 (लिनक्समधील एक प्रचलित फाइल सिस्टिम) पार्टिशनचा यूयूआयडी हायफन धरून 36 अक्षरांचा असतो. तो फाइल सिस्टिममध्येच नोंदलेला असल्याने डिस्क दुसऱ्या पोर्टला जोडली तरी बदलत नाही. नंतर ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘एफएसटॅब’ फाइलची (सुरू होताना कोणती पार्टिशन्स जोडायची याची यादी) प्रत काढून ठेवावी (ही पायरी घाईत वगळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे) आणि जिथे पहिल्या रकान्यात ‘एसडीबी1’सारखे नाव असेल तिथे ‘यूयूआयडी=’ लिहून पुढे तो क्रमांक टाकावा. इमर्जन्सी मोडमध्ये फाइल जतन होत नसेल, तर रूट पार्टिशन (ज्यावर लिनक्स बसवलेले असते ते) आधी लेखनक्षम करून पुन्हा माउंट करावे, म्हणजे वापरासाठी जोडावे लागते.

स्वॅपची (रॅम अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेची) ओळ हमखास नजरेतून सुटते, तीही तपासावी. नेहमी जोडलेली नसणाऱ्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घालावा, म्हणजे ती नसल्याने बूट अडणार नाही.

रीस्टार्ट करण्यापूर्वी ‘फाइंडएमएनटी’ ही आज्ञा ‘--व्हेरिफाय’ पर्यायासह चालवून चुका पाहाव्यात आणि ‘माउंट -ए’ने स्वॅप सोडून बाकीच्या ओळी प्रत्यक्ष माउंट होतात याची खात्री करावी. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये जुने नाव हाताने लिहिलेले असेल, तर तेही बदलून ग्रबची फाइल नव्याने तयार करावी.

डिस्कची हुबेहूब क्लोन प्रत जोडलेली असल्यास दोन्हींचा यूयूआयडी एकच असतो. म्हणून ती आधी काढून ठेवावी आणि एक्स्ट4 असेल तर ‘ट्यून2एफएस’ने तिला नवा यूयूआयडी दिल्यावरच पुन्हा जोडून ठेवावी.